पन्हाळ्याचा एकच रस्ता

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळचा रस्ता खचून दरीकडे गेला आणि पन्हाळ्यावर चारचाकी जाणं-येणं थांबलं. पर्यटकांसाठी ती बातमी होती. गडावर राहणाऱ्यांसाठी मात्र रात्री छातीत कळ आली तर माणसाला खाली न्यायचं कसं, हा प्रश्न होता. त्याआधी २०१९ च्या पावसाळ्यातही याच भागात रस्ता खचला होता. दोन्ही वेळचं दुखणं एकच, म्हणून रस्ता पूर्ववत करा आणि गडाला दुसरी वाट द्या, ही मागणी तेव्हापासून पन्हाळकरांच्या तोंडी आहे. तिचं मूळ समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पन्हाळा म्हणजे तटबंदी आणि धान्याचा अंबरखाना एवढंच नाही. गडावर नांदतं गाव आहे. नगरपरिषद आहे, तालुक्याची तहसील कचेरी आहे. २०११ च्या जनगणनेत वस्ती तीन हजारांच्या आसपास भरली. ही माणसं कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पण समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच राहतात. दूध, गॅस, औषधं रत्नागिरी रस्त्यावरच्या वाघबीळवरून गडाखालच्या बुधवार पेठेत आणि तिथून त्या शेवटच्या चढाने वर येतात.

बाराव्या शतकात शिलाहार राजा भोज दुसरा याने हा किल्ला उभारला, तो आत शिरणं अवघड व्हावं म्हणूनच. पश्चिमेचा आदिलशाही काळातला तीन दरवाजा आजही उभा आहे. वळून आत यावं लागतं, वर पहारा, मध्ये चौक. शत्रूची गर्दी अडावी म्हणून केलेली ही रचना रुग्णवाहिकेलाही तशीच अडवणार, आणि संरक्षित वास्तूला धक्का लावून तिथं रुंद रस्ता करावा असं कोणी म्हणणारही नाही.

बाहेर पडण्याच्या वाटेचं मोल या गडाला १६६० साली कळलं. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडला होता. जुलैच्या भर पावसात, आषाढातल्या रात्री शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरले आणि म्हसाई पठारावरून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्या बलिदानाची आठवण आपण दर वर्षी पन्हाळा ते पावनखिंड पायी चालून जागवतो. त्या रात्री दुसरी वाट होती म्हणून पुढचा इतिहास घडला. हे लिहिताना मला दरवेळी वाटतं, की ज्या गडाची सगळ्यात मोठी गोष्टच सुटकेच्या वाटेची आहे, त्या गडावरच्या माणसांना आज अशी वाट मागावी लागते.

आजचा रस्ता जिथून आत शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांवरच्या पिढीजात शिबंदीने, उठाव केला, कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी गड घेतला आणि पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून चार दरवाजा पाडून टाकला. दरवाजा गेला, नाव राहिलं, आणि गाडीची वाट तिथूनच रुळली. तेव्हापासून गावाचा सगळा भार त्या एका कड्यावर आहे.

तो कडा का खचतो, हे डोंगराच्या पोटात पाहिल्याशिवाय कळत नाही. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पिऊन घेतो. गडावरच्या विहिरी, सोमाळे आणि सादोबा तलाव यांच्या जिवावर वस्ती टिकली ती या पाण्यामुळे. पण जांभ्याच्या खाली मऊ चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली काळा पाषाण. वरून मुरलेलं पाणी त्या मातीवर अडतं आणि उताराकडे सरकतं. रस्ता डोंगर कापून केलेला, त्यात दरीच्या बाजूला भराव. गटार तुंबलं, पाण्याला वाट मिळाली नाही की ते भरावात शिरतं आणि वर डांबर शाबूत दिसत असताना आतून पोकळी होते. म्हणूनच नुसतं खडी-डांबर ओतून हे काम होत नाही. पायथ्यापासून भक्कम भिंत आणि पाणी बाहेर काढण्याची सोय, दोन्ही लागतं. अशा कामाला महिने लागतात, आणि २०२१ नंतर पन्हाळकरांनी ते महिने काढले.

यात कायद्याचाही भाग आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. कोल्हापूरकरांना हा नियम पंचगंगेवरच्या शिवाजी पुलामुळे चांगला ठाऊक आहे. ब्रह्मपुरी या संरक्षित टेकडीच्या सान्निध्यामुळे पर्यायी पुलाचं काम वर्षानुवर्षं अडकलं. सर्वपक्षीय कृती समितीने त्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि १३ जण गेले. नवा पूल पुढे झाला, पण तेवढी किंमत मोजून. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याआधी गावातल्या अनेकांनी निर्बंध वाढतील म्हणून विरोध केला होता. त्यांना वारशाचं प्रेम नाही असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांचा रस्ता दोनदा गेला, त्यांनी परवानगीच्या फायलीला घाबरणं स्वाभाविक आहे.

आणि गडाचा चढ सुरक्षित झाला तरी खाली दुसरं कुलूप आहेच. आंबेवाडी-केर्लीच्या मध्ये ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे नदी तिथं पात्राबाहेर पडली, की पुराचं पाणी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली होता. भराव टाकून उंच केलेला रस्ता बांधासारखा पाणी अडवतो, म्हणून भरावाऐवजी पिलरवर पूल करा, ही जिल्ह्यातल्या लोकांची मागणी त्याच अनुभवातून आली. अशा दिवसांत वाघबीळला पोचलेली रुग्णवाहिकाही कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊ शकत नाही. तिला बोरपाडळे, कोडोली, वारणानगर करत वाठारला महामार्ग गाठायचा आणि कराडच्या दिशेने जायचं.