संपाला पन्नास टक्के, सरचिटणिसाला पंधरा

ब्रिटनमधल्या प्राध्यापकांच्या संघटनेचं, म्हणजे युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियनचं (यूसीयू) राजकारण समजून घ्यायचं तर पोस्टानं घरी येणाऱ्या पाकिटापासून सुरुवात करावी लागते. संपाचा कौल असो की सरचिटणिसाची निवडणूक, हा सगळा खेळ कागदी मतपत्रिकेवर चालला. ती घरच्या पत्त्यावर यायची, भरून पुन्हा टपालपेटीत टाकायची. २०१६ च्या कायद्यानं संपासाठी वर आणखी एक अट घातली: निम्म्या सभासदांनी तरी मतदान केलं पाहिजे, नाहीतर कौल बाद. सरचिटणिसाच्या निवडणुकीला अशी अट नाही.

संघटना २००६ ची. जुन्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची एयूटी आणि कॉलेजं व पूर्वाश्रमीची पॉलिटेक्निक यांतल्या शिक्षकांची नॅटफे १ जूनला एक झाल्या, तेही पेपर तपासणीवर बहिष्कार सुरू असताना. आठवड्याभरात तीन वर्षांसाठी १३.१ टक्के वाढीवर तडजोड झाली. पुढे सॅली हंट सरचिटणीस झाल्या आणि दशकभर टिकल्या.

खरी ठिणगी पडली २०१८ मध्ये, आणि ती पगारावरून नव्हे, पेन्शनवरून. विद्यापीठांना हमीची पेन्शन बंद करायची होती. २२ फेब्रुवारीपासून चौदा दिवसांचा संप ठरला. १२ मार्चला वाटाघाटींतून मसुदा निघाला, त्यात बुडालेले तास भरून देण्याचीही भाषा होती. दुसऱ्या दिवशी सभासद लंडनमधल्या संघटनेच्याच कचेरीसमोर जमले. मालकाच्या नाही, स्वतःच्या! मसुदा त्याच दिवशी गुंडाळला गेला. मँचेस्टरच्या अधिवेशनात हंट यांच्याविरुद्धचे ठराव आले तेव्हा संघटनेचे कर्मचारीच सभागृहाबाहेर पडले आणि अधिवेशन अर्ध्यावर राहिलं. २०१९ च्या फेब्रुवारीत हंट यांनी आजारपणामुळे पद सोडलं.

मे महिन्यात जो ग्रेडी निवडून आल्या. शेफिल्ड विद्यापीठात कामगार संबंध शिकवणाऱ्या, खाणकामगाराच्या घरातल्या. पेन्शनचे आकडे सोपे करून सांगत त्या संपात पुढे आल्या होत्या. ६४ टक्के मतांचा विजय, पण मतदान जेमतेम २० टक्के.

२०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी मोठी बाजी मारली. देशभराचा एकत्र कौल घेतला आणि पगाराच्या प्रश्नावर ५७.८ टक्के मतदान झालं. नोव्हेंबरात दीडशे विद्यापीठांतले सत्तर हजार जण संपावर गेले. फेब्रुवारीत मात्र वाटाघाटींसाठी संप थांबवण्याचा निर्णय झाला आणि ‘आम्हाला विचारलं कुणी?’ असा सूर शाखांमधून उठला. माझ्या मते घसरण इथून सुरू झाली. २० एप्रिल २०२३ पासून मूल्यमापनावर बहिष्कार आला. आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधी एमफुक्टोनं, म्हणजे महाराष्ट्रातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं, परीक्षेच्या कामावर टाकला होता, तसाच. अनेक विद्यापीठांनी तपासणी नाकारणाऱ्यांचा निम्मा, काहींनी पूर्ण पगार कापला. पेपर न तपासल्यामुळे मुलं पदवीदान समारंभात गाऊन घालून आली आणि श्रेणीविनाच घरी गेली. भारतातून गेलेल्यांना वर शिक्षणानंतरच्या व्हिसाची काळजी. इतकं होऊनही मालकांनी ५ ते ८ टक्क्यांची वाढ काही पुढे सरकवली नाही. सप्टेंबरात बहिष्कार उठला. लगेच नवा कौल घेतला, तो पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला आणि संपाचा हक्कच गेला. पेन्शनची कपात तेवढी मागे घेतली गेली. ग्रेडींचे समर्थक या माघारीकडे बोट दाखवायचे, विरोधक पगाराकडे.

हा सगळा हिशेब २०२४ च्या निवडणुकीत मांडला गेला. चार उमेदवार. मतदान पसंतीक्रमाचं, आपल्या शिक्षक मतदारसंघात भरतात तसे आकडे भरायचे. शेवटच्या फेरीत ग्रेडींसमोर उरले लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायदा शिकवणारे युअन मॅकगॉई. १ मार्चला निकाल लागला. मतदान १५ टक्क्यांच्या आसपास, आणि ग्रेडी १८२ मतांनी जिंकल्या.