फायटर पायलट व्हायचंय? हवाई दलात मुलींसाठी अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

'फायटर पायलट' या नावाचा अर्ज भारतीय हवाई दलात नसतो. अर्ज भरायचा तो फ्लाइंग ब्रँचसाठी, म्हणजे वैमानिकांच्या शाखेसाठी. लढाऊ विमान मिळणार, मालवाहू मिळणार की हेलिकॉप्टर, हे प्रशिक्षणाचा पहिला टप्पा झाल्यावर ठरतं. त्यामुळे अर्जात 'फायटर'चा रकाना शोधू नका, तो सापडणार नाही. आधी फ्लाइंगमध्ये शिरणं महत्त्वाचं, आणि बहुतेक मुली गळतात त्या तिथेच, त्याही परीक्षेच्या मार्कांपेक्षा पात्रतेच्या बारीक अटींवर.

मुलींना फायटर शाखेत घ्यायला ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी मिळाली. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह १८ जून २०१६ रोजी हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीतून अधिकारी झाल्या. २०२२ मध्ये ही योजना कायमस्वरूपी करण्यात आली. आता 'मुलींना घेतात का' हा प्रश्न उरलेला नाही, आपण कोणत्या दाराने जायचं एवढंच ठरवायचं आहे.

बारावीनंतर: एनडीए

एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स. बारावीला बसलेल्या मुलींनाही अर्ज करता येतो. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते: गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, आणि पुढे ९०० गुणांची एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. मुलींना फी नाही.

यातली अडचण जागांची आहे. अलीकडच्या जाहिरातींमध्ये हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी २ असतात. होय, दोनच. म्हणून एनडीएचा फॉर्म जरूर भरा, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. पसंतीक्रमात हवाई दल पहिलं टाका. लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती राहिली तर पास होऊनही एसएसबीचं बोलावणं येत नाही, आणि दर वर्षी काही जणींची ती राहतेच.

पदवीनंतर: एएफकॅट

एएफकॅट म्हणजे हवाई दलाची स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा. बहुतेक मुलींसाठी खरा रस्ता हाच. कोर्स सुरू होताना वय २० ते २४ हवं. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) चालू कमर्शियल पायलट परवाना असेल तर वरची मर्यादा २६. तारखांची चौकट काटेकोर असते: जानेवारी २०२६ च्या कोर्ससाठी जन्म २ जानेवारी २००२ ते १ जानेवारी २००६ या दरम्यान हवा होता, दोन्ही तारखा धरून. एक दिवस इकडेतिकडे झाला तर विनंती अर्जाने काही होत नाही. राखीव प्रवर्गाची वयात सवलतही इथे नाही.

शिक्षणाच्या दोन अटी एकत्र पुऱ्या व्हायला हव्यात. एक, बारावीला मॅथ्स आणि फिजिक्स या दोन्ही विषयांत वेगवेगळे ५० टक्के. दोन, कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी ६० टक्क्यांनी, किंवा बीई-बीटेक ६० टक्क्यांनी. म्हणजे बीए झालेली मुलगीही फ्लाइंगला चालते, पण बारावी सायन्सला मॅथ्स असेल तरच. अकरावीला मॅथ्स सोडून फक्त बायोलॉजी ठेवणारीचं दार तिथेच बंद होतं आणि पुढे कितीही चांगली पदवी घेतली तरी उघडत नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी ही बारावीची अट जाहिरातीत आधी नीट वाचावी.

शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, पण आतापर्यंतच्या निकालांत ६० टक्के हवेत आणि एकही विषय मागे राहिलेला नको. एटीकेटी चालत नाही.

लग्नाची अट लोक अर्धवट वाचतात. २५ वर्षांखालची उमेदवार अविवाहितच हवी. विधवा किंवा घटस्फोटितही या वयात पात्र नाही. अर्ज केल्यानंतर लग्न केलं तर पुढचे सगळे टप्पे पार केले असले तरी निवड जाते.

परीक्षा ऑनलाइन, दोन तास, १०० प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला ३, चुकीला वजा १. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित, तर्क आणि सैनिकी अभियोग्यता असे विषय. फी ५५० रुपये अधिक जीएसटी. कटऑफ बहुधा ३०० च्या निम्म्याच्या आसपास फिरतो, त्यामुळे अंदाजाने सगळे शंभर सोडवण्याचा मोह महागात पडतो. फॉर्ममध्ये शाखा निवडताना फ्लाइंग स्पष्टपणे निवडलेलं आहे ना, हे सबमिट करण्याआधी पुन्हा पाहा.

तिसरा रस्ता एनसीसीचा. एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला बोलावलं जातं. या प्रवेशासाठी १० टक्के जागा असतात, अर्ज एएफकॅटच्याच संकेतस्थळावर आणि विनाशुल्क. आर्मी किंवा नेव्हल विंगचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. कॉलेजला एअर विंग असेल तर पहिल्याच वर्षी नाव नोंदवा, कारण 'सी'पर्यंत पोचायला तीन वर्षं जातात.

फॉर्म भरण्याआधी टेप घ्या

पैसे आणि वर्ष दोन्ही वाचवायचं असेल तर हे मोजमाप आधी घरी करा. फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांत मुलींना १५२ चालतात, इथे नाही. पण उंची पुरली म्हणून काम झालं असं नाही. भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकून जमिनीवर बसा, पाय समोर सरळ पसरा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायांची लांबी, ती ९९ ते १२० सेंटीमीटर हवी. आता स्टुलावर तसंच टेकून, गुडघे काटकोनात ठेवून बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीची लांबी ६४ पेक्षा जास्त नको, आणि बैठकीपासून टाळूपर्यंतची बैठी उंची ८१.५ ते ९६ मध्ये हवी.

हे आकडे कॉकपिटवरून आलेत. पाय आखूड असले तर रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल) पूर्ण दाबता येत नाही. मांडी लांब असली तर इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) वर उडताना गुडघे समोरच्या पॅनेलला धडकतात. म्हणूनच इथे एका सेंटीमीटरचीही सूट नाही, आणि यात व्यायामाने काही बदलतही नाही.

डोळ्यांचं गणित वेगळं. एका डोळ्याची दृष्टी ६/६, दुसऱ्याची ६/९ चालते. मायोपिया म्हणजे लांबचं कमी दिसणं अजिबात चालत नाही. शून्य म्हणजे शून्य. प्लस नंबर +२.० पर्यंत चालतो. रंगदृष्टी सीपी-१, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची लागते. चष्मा घालवण्यासाठी लेझर करून घ्यायचा विचार असेल तर त्या वर्षीच्या जाहिरातीचं वैद्यकीय परिशिष्ट आधी वाचा आणि मगच डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेचं वय, त्यानंतरचा काळ, कॉर्नियाची जाडी अशा अटी असतात आणि शाखेप्रमाणे व प्रवेशाच्या मार्गाप्रमाणे त्या बदलतात.

टॅटू असेल तर तो हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला, एवढ्याच जागी चालतो. मानेवरच्या छोट्याशा फुलपाखरानेही नापास होता येतं.

कागदपत्रं

जन्मतारखेचा पुरावा दहावीचंच प्रमाणपत्र. बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आधार, सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र, शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांचा दाखला. सगळं मूळ प्रतीत आणि झेरॉक्ससह. फोटो कॉल लेटरमध्ये सांगितलेल्या संख्येत आणि पार्श्वभूमीत.

महाराष्ट्रातल्या मुलींची ठरलेली अडचण नावाची. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी; एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर. फॉर्ममध्ये नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे अक्षरन् अक्षर भरा. कागदांत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. नाव खरोखर बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद लागते, आणि तिला वेळ लागतो.

दुसरी अडचण सीजीपीएची. गुणपत्रिकेवर टक्के नसतील तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करण्याचं सूत्र सही-शिक्क्यानिशी न्यावं लागतं. इंटरनेटवरून काढलेलं 'दहाने गुणा' वगैरे कुणी मान्य करत नाही.

एएफएसबी आणि एकदाच मिळणारी संधी

लेखी पास झाल्यावर मुलाखतीचं केंद्र आणि तारीख संकेतस्थळावर उपलब्ध पर्यायांतून निवडायची असते. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इथे हवाई दलाची निवड मंडळं, म्हणजे एएफएसबी आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून तिच्यावर गटचर्चा. त्यातून निम्म्याहून अधिक जण त्याच दिवशी घरी परत जाऊ शकतात, हे मनाशी धरून परतीचं तिकीट काढा. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, मैदानी गटकामं आणि मुलाखत.

फ्लाइंगवाल्यांना याशिवाय सीपीएसएस (कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम) ही संगणकीय चाचणी असते. जॉयस्टिक आणि पेडल वापरून हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी किती जुळतात ते तपासलं जातं. ही चाचणी आयुष्यात एकदाच. एनडीएच्या वेळी नापास झालात तर एएफकॅटमधून फ्लाइंगला पुन्हा बसता येत नाही. त्यामुळे 'सराव म्हणून देऊन बघू' हा विचार इथे घातक आहे. आदल्या रात्री झोप झालेली असणं आणि सूचना शेवटपर्यंत ऐकून मगच कंट्रोलला हात लावणं, एवढी तयारी मात्र आपल्या हातात असते.

वैद्यकीय तपासणी दिल्ली किंवा बंगळूरूला होते आणि तिला काही दिवस लागतात. मणक्याचे एक्स-रे इथे विशेष बारकाईने पाहतात, कारण इजेक्शनचा सगळा झटका मणका घेतो. त्याशिवाय पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, कान-नाक-घसा, रक्त, आणि महिला डॉक्टरांकडून स्त्रीरोग तपासणी. हिमोग्लोबिन, वजन, कानातला मळ, किडलेला दात यांवर अडकणं हे निव्वळ दुर्लक्ष. दोन महिने आधी स्वतःच्या खर्चाने तपासून घेतलं तर टळतं. अनफिट ठरलात तर कारण लेखी मिळतं आणि अपील मेडिकल बोर्डाकडे दाद मागता येते. मुदत कमी असते, म्हणून कागद हातात पडल्या दिवशीच अपिलाची तयारी सुरू करा.

पुढे काय

अंतिम गुणवत्ता यादीतून निवड झाली की दुंडीगल. एएफकॅटमधून आलेल्यांचं प्रशिक्षण ६२ आठवड्यांचं. एनडीएवाल्या आधी तीन वर्षं खडकवासल्याला असतात. रुजू होताना १.६ किलोमीटर १० मिनिटांत, १० पुश-अप आणि ३ चिन-अप एवढी तयारी अपेक्षित आहे. मुलींना यातले चिन-अप जड जातात, म्हणून फॉर्म भरला त्याच आठवड्यात बारला लटकायला सुरुवात करा. प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं.

पिलाटस पीसी-७ या प्रशिक्षण विमानावर पहिला टप्पा उडवून झाला की वाटणी होते: उडवण्यातलं कौशल्य, क्रमवारी आणि त्या वेळी हवाई दलाला कुठे किती वैमानिक हवेत, यावर. फायटरमध्ये गेलेल्यांचं पुढचं प्रशिक्षण हॉक विमानावर बीदरला होतं. एएफकॅटमधून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन १४ वर्षांचं, एनडीएतून मिळणारं कायमस्वरूपी; हा फरक फॉर्म भरतानाच घरच्यांना समजावून सांगा.