पुश-पिन काढणे (मोटारसायकलचे मडगार्ड)

मोटारसायकलचे मडगार्ड, त्याला खाली जोडलेली, चिखल अडवणारी रबरी झडप (मड-फ्लॅप) आणि सीटखालचे आवरण एकमेकांना धरून ठेवण्यासाठी स्क्रूऐवजी वापरल्या जाणाऱ्या, बहुधा काळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या खिट्टीला पुश-पिन म्हणतात. मुंबईतल्या गॅरेजांमध्ये तिला नुसते ‘क्लिप’ किंवा ‘लॉक’ म्हटले जाते. मडगार्ड उतरवताना ही खिट्टी न मोडता बाहेर काढणे हे काम दिसायला किरकोळ असले, तरी तडकलेली छिद्रे आणि नंतर खडखडणारी आवरणे यांचे मूळ बऱ्याचदा याच टप्प्यात सापडते.

पुश-पिनचे सहसा दोन भाग असतात. बाहेरच्या कवचाला वर चकतीसारखे डोके आणि खाली उभे चिरलेले पाय असतात, तर त्याच्या पोकळीत मधली पिन बसते. कवच छिद्रातून आत गेल्यावर पिन दाबली, की तिच्या जाड भागामुळे पाय छत्रीच्या काड्यांसारखे फाकतात आणि पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या मागच्या बाजूला अडकून राहतात. ६ आणि ८ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांत बसणारे आकार जास्त आढळतात. या खिट्ट्या नायलॉन किंवा ॲसिटल प्लास्टिकच्या असल्याने गंजत नाहीत, त्यांना मागून नट लावावा लागत नाही आणि कारखान्यात त्या क्षणात बसवता येतात, म्हणून निर्मात्यांना त्या सोयीच्या वाटतात. मात्र भार पेलण्याचे काम त्यांच्याकडे नसते. पुढचे मडगार्ड सुटून चाकात अडकले तर गाडी जागीच लोळेल, त्यामुळे ते फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, धातूच्या बोल्टांनीच घट्ट केलेले असते, आणि पुश-पिन असल्याच तर त्या झडप किंवा आतले अस्तर यांपुरत्या असतात. मागच्या बाजूला त्यांची संख्या वाढते. तेथे आधी सीट काढून, पुश-पिन सोडवून आवरण बाजूला करावे लागते, मग टेल लाइटच्या तारांचा कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडवावा लागतो आणि शेवटी बोल्टांना पाना लावता येतो.

खिट्टी कशी काढायची हे तिच्या जातीवर ठरते, आणि सर्वाधिक मोडतोड ही जात न ओळखता जोर लावल्याने होते. फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे बाहेरचे प्लास्टिक आवरण, असलेल्या जपानी घडणीच्या गाड्यांत वारंवार दिसणाऱ्या प्रकारात मधल्या पिनचे डोके कवचाच्या पातळीत सपाट असते आणि कडेला कोणतीही खाच नसते. अडकलेली वस्तू उपटून काढायची हा हाताचा सहज कल असतो, पण येथे करायचे असते नेमके उलट, म्हणजे मधली पिन आत दाबायची असते. बोथट टोकाच्या बारीक दांड्याने किंवा छोट्या पेचकसाने पिन साधारण २ ते ३ मिलिमीटर आत ढकलली, की हलकासा ‘टक’ आवाज येतो. तिचा बारीक गळा पायांच्या मध्ये येतो, पाय जवळ येतात आणि कवच नखांनीही उचलता येते. आवाज आल्यावर तेथेच थांबावे लागते. त्यापुढे दाबत राहिल्यास पिन कवचातून पार निघून सीटखालच्या पोकळीत पडते आणि ती शोधण्यात मूळ कामाहून अधिक वेळ जातो.

दुसऱ्या प्रकारात मधल्या पिनच्या डोक्याच्या कडेला चपट्या पेचकसासाठी लहान खाच असते. तेथून पिन वर उचलायची असते. ती पूर्ण सुटी न होता कवचातच उंच उभी राहते आणि त्यानंतर दोन्ही भाग एकत्र ओढून काढले जातात. डोक्यावर फुलीची खाच असलेला प्रकार उलट दिशेने फिरवून वर आणतात, पण फिरवताना पेचकसावर जोर दिला तर पिन पुन्हा आत बसते. आटे झिजून ती जागीच फिरू लागली, तर कडेखाली पातळ पाते सरकवून किंचित उचलत फिरवल्यास ती निघते. याखेरीज मधली पिनच नसलेली, अंगावर कातरलेल्या कडांच्या ओळी असलेली एकसंध खिट्टीही असते. ती टोकाला व्ही आकाराची खाच असलेल्या चपट्या प्लास्टिकच्या हत्याराने उपटतात आणि बहुतेक वेळा ती पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही.

मुंबईत या कामाचा खरा शत्रू चिखल आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चाकाने उडवलेले पाणी मडगार्डच्या आतल्या बाजूने थेट खिट्टीच्या फाकलेल्या पायांवर आदळते आणि त्यासोबत रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची व मेट्रोच्या कामांची बारीक, सिमेंट मिसळलेली माती पायांच्या फटींत जाऊन बसते. पाऊस सरल्यावर ती सुकून घट्ट होते. मग पिन बरोबर दाबली तरी पायांना जवळ यायला जागाच उरत नाही, आणि मेकॅनिकने ओढ घेतली की डोके तुटून हातात येते. म्हणून आधी पाण्याचा फवारा आणि जुना टूथब्रश वापरून दोन्ही बाजू, विशेषतः मागची, धुऊन घेणे हे कोणत्याही हत्याराहून उपयोगी ठरते; दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर ते टाळूच नये. कोमट पाण्याने नायलॉन थोडे नरमही पडते. थिनर मात्र वापरू नये, कारण एबीएस प्लास्टिकची आवरणे त्याने विरघळू लागतात. रस्त्याकडेच्या गॅरेजांत डोक्याखाली मोठा पेचकस घालून तिरका दाब देण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने वेळ वाचतो खरा, पण तो दाब छिद्राच्या कडेवर येतो आणि काही रुपयांची क्लिप वाचवताना महागडे आवरण तडकते.

कशानेच न सुटणारी खिट्टी सरळ नष्ट करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कटरने डोके छाटावे किंवा मधोमध बारीक ड्रिल हळू गतीने चालवावे. वेग वाढवल्यास प्लास्टिक वितळून बिटाला चिकटते. खाली पडलेले तुकडे चेनजवळ किंवा एअर फिल्टरच्या तोंडाशी राहिले नाहीत, हे पाहून घ्यावे.

पुन्हा बसवताना दाबायच्या प्रकारातली पिन आधी पायांच्या बाजूने मागे ढकलून तिचे डोके कवचाबाहेर उंच आणावे लागते. तशाच अवस्थेत कवच छिद्रात पूर्ण बसवून मग डोके सपाट होईपर्यंत दाबले की पाय फाकतात. पाय पांढरट पडले असतील किंवा पिन सैल सरकत असेल, तर ती खिट्टी बाद समजावी. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने नायलॉन कालांतराने ठिसूळ होते, त्यामुळे सायलेन्सरजवळच्या खिट्ट्या इतरांआधी जातात.

मागचे मडगार्ड कायमचे काढून आखूड पट्टी लावण्याची हौस तरुण चालकांत दिसते. खिट्ट्या सोडवणे जमले म्हणून तो बदल कायदेशीर ठरत नाही : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत यासाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा लागतो.

सुट्या खिट्ट्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात. तेथे जाताना जुना नमुना सोबत न्यावा, कारण डोक्याचा व्यास सारखा दिसला तरी पायांची जाडी आणि लांबी वेगळी असू शकते. पाय आखूड पडले तर दोन थरांच्या जोडात ते मागे पोहोचतच नाहीत, आणि खिट्टी वरून नीट बसल्यासारखी दिसूनही पहिल्याच खड्ड्यात निसटते.