काइलोमायक्रॉन-अवशेषांचे यकृतग्रहण

आहारातील मेद वाहून नेणाऱ्या काइलोमायक्रॉन कणांतले बहुतेक ट्रायग्लिसराइड स्नायू व मेद-ऊतक यांनी काढून घेतल्यावर उरलेले कोलेस्टेरॉलसमृद्ध कण रक्तातून उचलण्याची यकृतपेशींची क्रिया. मेदाचे पचन व आतड्यातील शोषण येथे गृहीत धरले आहे.

आतड्याच्या पेशींत तयार झालेले काइलोमायक्रॉन प्रवेशिका शिरेत (आतड्यातून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) न जाता लसीकेत उतरतात आणि वक्षीय लसीकावाहिनीतून मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतात. त्यामुळे शर्करा व ॲमिनो अम्ले यांच्याप्रमाणे हा मेद थेट यकृतात पोहोचत नाही. जेवणानंतर रक्तद्रवात दिसणाऱ्या या कणांचे कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करून सायमन गेज व पिएर फिश यांनी १९२०–२४ च्या सुमारास त्यांना आजचे नाव दिले. केशवाहिन्यांच्या भिंतीवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर ट्रायग्लिसराइडाचे विघटन करते. कण आकसतो, त्यावरील ‘सी’ गटाची अपोप्रथिने (मेदवाहू कणांच्या पृष्ठावरील प्रथिने) निघून जातात आणि अपोप्रथिन ई (अपो-ई) वाढते. यकृत रक्ताभिसरणातून वगळलेल्या उंदरांत ट्रायग्लिसराइड घटलेले, पण कोलेस्टेरॉल-एस्टर जपून ठेवलेले कण साचतात, असे ट्रेव्हर रेडग्रेव्ह यांनी १९७० मध्ये दाखवले. विघटन यकृताबाहेर आणि अवशेषांची उचल यकृतात, ही विभागणी तेव्हापासून सर्वमान्य आहे.

यकृतातील सूक्ष्म रक्तकोटरिकांच्या अंतःस्तराला साधारणतः १००–१५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे असतात व त्याखाली सलग आधारपटल नसते. लहान अवशेष या छिद्रांतून डिसे अवकाशात, म्हणजे यकृतपेशींच्या थेट सान्निध्यात येतात. मोठे अखंड काइलोमायक्रॉन बाहेरच राहतात. न्यूझीलंडचे रॉबिन फ्रेझर यांनी या ‘यकृत-चाळणी’ला बरेच महत्त्व दिले. सशात ही छिद्रे लहान असतात आणि आहारातील कोलेस्टेरॉलाने त्याच्या रोहिण्या लवकर बिघडतात, याची संगती त्यांनी अशी लावली. ही कल्पना आकर्षक आहे. मात्र चाळणी केवळ निवड करते. कण पेशीत कसा शिरतो हा प्रश्न त्याने सुटत नाही.

खरा वाद ग्राहीविषयी, म्हणजे कणाला बांधून आत घेणाऱ्या पेशीपृष्ठावरील प्रथिनाविषयी, झाला. काइलोमायक्रॉनमधील अपोप्रथिन बी-४८ हे बी-१०० चा जवळजवळ पुढचा अर्धा भाग होय. एलडीएल-ग्राहीला (एलडीएल या कोलेस्टेरॉलवाहू कणांच्या ग्राहीला) जखडणारा भाग त्यात नसल्याने बांधणीचे काम अपो-ई कडे येते. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० नंतरच्या दशकात वर्णिलेला एलडीएल-ग्राही अपो-ई लाही बांधतो, तेव्हा तोच पुरेसा वाटला असता. परंतु हा ग्राही बहुतांशी नसलेल्या वातानाबे जातीच्या सशांत, तसेच समयुग्मी (दोन्ही जनुक-प्रती सदोष असलेल्या) कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल विकाराच्या रुग्णांत, अवशेष साधारण नेहमीच्याच गतीने नाहीसे होतात असे आढळले. म्हणून वेगळ्या ‘अवशेष-ग्राही’चा शोध सुरू झाला. योआखिम हेर्झ व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्णिलेले एलआरपी-१ हे सु. ६०० किलोडाल्टनचे प्रथिन त्या जागी बसवले गेले. पुढे ते अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन या रक्तप्रथिनाचाही ग्राही असल्याचे सिद्ध झाल्याने त्याचे विशेषत्व उणावले. १९९० च्या सुमारास एलडीएल-ग्राहीविरोधी प्रतिपिंडांनी अवशेषांची उचल मंदावते, असेही दिसले.

एलआरपी-१ पूर्णपणे काढलेले उंदीर गर्भावस्थेतच मरत असल्याने निर्णायक प्रयोग लांबला. १९९८ मध्ये फक्त यकृतातील जनुक निष्क्रिय केल्यावर अवशेष साचले नाहीत, कारण एलडीएल-ग्राहींची संख्या वाढली होती. दोन्ही ग्राही नसलेल्या उंदरांत मात्र ते साचले. यावरून एलडीएल-ग्राही मुख्य व एलआरपी-१ पूरक, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘अवशेष-ग्राही’ ही एकेरी संज्ञा अजूनही काही पाठ्यपुस्तकांत आढळते. ती सोडलेली बरी.

तिसरा घटक म्हणजे पेशीपृष्ठावरील हेपरान सल्फेट प्रोटिओग्लायकॅन, म्हणजे गाभाप्रथिनाला शर्करांच्या लांब साखळ्या जोडलेला रेणू. त्याच्या ऋणभारित साखळ्यांना अपो-ई चा आर्जिनीन व लायसीन यांनी भरलेला, सु. १३६–१५० क्रमांकांचा पट्टा चिकटतो. यकृतपेशी स्वतःही अपो-ई स्रवतात. ते डिसे अवकाशात अडकलेल्या कणांवर चढून बांधणी पक्की करते. ही साखळी कणाला केवळ थोपवते व नंतर ग्राहीच्या हवाली करते, असे पूर्वी मानत. उंदरांच्या यकृतपेशींत साखळीचे सल्फेटीकरण बिघडवल्यास एलडीएल-ग्राही शाबूत असूनही ट्रायग्लिसराइडयुक्त कण साचतात, असे २००७ मध्ये दिसून आले. पुढे सिन्डेकन-१ हे संबंधित गाभाप्रथिन म्हणून निश्चित झाले. हा स्वतंत्र मार्ग आहे, याकडे आता कल झुकतो.

ग्राहीला जखडलेला कण क्लॅथ्रिन या प्रथिनाने आवरित खळगीतून आत जातो. त्याचा गाभा लयकारिकांत (पेशीतील पाचक पिशव्यांत) विघटित होतो. अपो-ई चा काही अंश मात्र पुन्हा बाहेर येतो. यकृतात चरबी साचण्याच्या विकाराशी या मार्गाची सांगड सहज घातली जाते, पण ती तितकीशी बरोबर नाही. अशा रुग्णांवरील २००५ च्या एका समस्थानिक-अभ्यासात यकृतातील ट्रायग्लिसराइडापैकी सु. ५९% मेद-ऊतकातून सुटलेल्या मेदाम्लांचे व केवळ सु. १५% आहारातले होते.

हा मार्ग बिघडल्याचे ठळक उदाहरण म्हणजे तिसऱ्या प्रकारची अतिलायपोप्रोटीनता, म्हणजे रक्तात अवशेष साचण्याचा विकार. अपो-ई२ या अपो-ई च्या आनुवंशिक प्रकारात १५८ व्या स्थानी आर्जिनीनऐवजी सिस्टीन असल्याने एलडीएल-ग्राहीशी बांधणी नेहमीच्या २ टक्क्यांहूनही कमी होते. तळहाताच्या रेषांतील पिवळे मेदसंचय हे या विकाराचे लक्षण. तथापि दोन्ही प्रती अपो-ई२ च्या असलेल्या बहुसंख्य व्यक्ती निरोगी राहतात. मधुमेह, लठ्ठपणा किंवा अवटू ग्रंथीची मंदता यांसारखे दुसरे कारण जोडीला लागते. हेपरान मार्गाशी अपो-ई२ ची बांधणी कमी बिघडते, हे त्यामागील एक संभाव्य कारण.

माणसातील मोजमापासाठी अ-जीवनसत्त्वयुक्त मेदाळ जेवण देऊन रक्तातील रेटिनिल एस्टर तासातासाने पाहण्याची पद्धत दीर्घकाळ वापरली गेली, कारण हा पदार्थ कणाच्या गाभ्यात राहून यकृतापर्यंत जातो. उशिराच्या तासांत त्याचा काही भाग इतर लायपोप्रोटिनांत सरकतो. त्यामुळे बी-४८ चे प्रत्यक्ष मापन अधिक विश्वसनीय मानले जाते.