निवासी शाळेतला खून आणि कोकणातली वसतिगृहे : पार्श्वभूमी

निवासी शाळेत एखाद्या लोकप्रिय मुलाचा किंवा मुलीचा खून होतो, संशय त्याच्याच खोलीतल्या आणि पंगतीतल्या सोबत्यांवर येतो, आणि कोणाची कोणाशी मैत्री होती, ती कधी तुटली व का तुटली, याचा शोध घेतच तपास पुढे सरकतो. कुमारवयीन वाचकांसाठीचा हा कथाप्रकार गेल्या काही वर्षांत इंग्रजीत चांगलाच रुजला आहे आणि त्याचे वाचक कोकणातही आहेत. तीच कथा रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या वसतिगृहात घडवायची झाल्यास मात्र नावे व गावे बदलून भागत नाही, कारण इथले वसतिगृह वेगळ्या गरजेतून उभे राहिले आणि तिथली प्रतिष्ठाही वेगळ्या गोष्टींनी ठरत आली.

या कथाप्रकाराचे मूळ इंग्लंडमधील खासगी निवासी शाळांत आहे. टॉमस ह्यूज यांनी रग्बी शाळेवर लिहिलेली कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हाउस, मॉनिटर, थोरल्यांची दादागिरी, धाकट्यांची निष्ठा हे सारे कथेचे साहित्य बनले. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्रजी रहस्यकथा भरात आली तेव्हा शाळेत खून घडवणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती. जेम्स हिल्टन यांनी ग्लेन ट्रेव्हर या नावाने १९३१ मध्ये आणि कवी सेसिल डे-लुईस यांनी निकोलस ब्लेक या नावाने १९३५ मध्ये शाळेतल्या खुनावर कादंबऱ्या लिहिल्या. निवासी शाळा रहस्यकथेला आयती सोयीची असते. फाटक बंद असते, माणसे मोजकी असतात, आणि दिवसाचा प्रत्येक तास घंटेने बांधलेला असल्यामुळे कोण कुठे असायला हवे होते व कोण तिथे नव्हते, हे लगेच कळते. तरीही त्या काळच्या कथांत विचार करणारी, द्वेष करणारी, कट रचणारी माणसे मुख्यतः प्रौढ होती. मुले साक्षीदार होती किंवा बळी होती. त्यांच्या आपापसातल्या नात्यांकडे गुन्ह्याचे कारण म्हणून कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते.

ते पाहण्याची रीत साहित्याबाहेरून आली. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथे मुलींसाठी एक निवासी सुधारगृह-शाळा होती. १९३२ मध्ये तिथून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन हॉल जेनिंग्ज यांनी त्या मुलींचे स्वभाव तपासण्यावर न थांबता, कोणत्या मुलीला कोणाबरोबर राहायला आवडते, कोणाला कोण नको असते, हे विचारून नात्यांचे नकाशे काढले. पळालेल्या मुली एकमेकींशी कशा जोडलेल्या होत्या आणि पळण्याची कल्पना एकीकडून दुसरीकडे कशी पोचली, हे त्या नकाशांवर दिसू लागले. १९३४ मध्ये मोरेनो यांनी हे काम ग्रंथरूपाने मांडले आणि समाजमिती ही अभ्यासशाखा उभी राहिली. मैत्रीचे मोजमाप करणारी ही विद्या एका वसतिगृहातल्या पलायनांच्या तपासातून वाढली, ही गोष्ट रहस्यकथा लिहिणाऱ्याने जरूर ध्यानात ठेवावी. आजच्या कथेतला कुमारवयीन शोधक वहीच्या मागच्या पानावर नावे लिहून त्यांच्यामध्ये बाण काढतो, तेव्हा तो नकळत हडसनचीच पद्धत वापरत असतो.

पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासक जेनिफर पार्कहर्स्ट आणि अँड्रिया हॉपमेयर यांनी १९९८ मध्ये आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला. मुलांना जो मनापासून आवडतो तो, आणि ‘आपल्यात लोकप्रिय कोण’ असे विचारल्यावर ज्याचे नाव सगळे घेतात तो, हे दोघे नेहमी एकच नसतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाचा दरारा असतो, त्याच्याभोवती घोळका असतो, पण त्या घोळक्यातल्या कित्येकांना तो मनातून नकोसा असतो. आधुनिक निवासी शाळेच्या रहस्यकथेत बळी जाणारी व्यक्ती बहुधा याच दुसऱ्या प्रकारातली असते, आणि म्हणून तिथे संशयितांची वाण पडत नाही.

आता कोकणाकडे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन अशा नद्यांच्या खाड्यांनी आडवी कापलेली आहे. पूल होण्यापूर्वी पलीकडच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसे, पण तिथली शाळा पावसाळ्याचे चार महिने परदेशासारखी दूर असे. आगबोटीही पावसाळ्यात बंद राहत. शिकायचे तर घर सोडायचे, हे इथे पिढ्यान् पिढ्या गृहीत धरलेले होते. धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. नातेवाइकांकडे राहणे, वार लावून जेवणे, हाताने भात रांधून खाणे, हे सारे वसतिगृहाआधीचे वसतिगृहच होते. त्यात घरातला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, गावी आई आणि म्हातारी माणसे, आणि खर्च मनिऑर्डरवर, अशी घरांची घडी बसलेली. मुलगा गावात एकटा वाढण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी शिस्तीत राहिलेला बरा, असे चाकरमान्याला वाटे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीतरी घरांची मनिऑर्डर थांबली. तेव्हाच्या वसतिगृहात मेसचे पैसे थकलेला मुलगा आणि न थकलेला मुलगा एकाच पंगतीला बसत होते, हे ज्याला दिसेल त्याला कथेचे बीज शोधायला दूर जावे लागणार नाही.

घाटावर वसतिगृहाची एक चळवळच झाली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. उत्तर कोकणात बोर्डीला आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांनी शाळेला आकार दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणाचे काम १९४५ मध्ये बोर्डीत सुरू होऊन पुढे कोसबाडच्या आदिवासी वस्तीत रुजले. कोकणचे साने गुरुजी खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले, तिथे त्यांनी छात्रालय सांभाळले आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढले. ज्या समाजात वसतिगृह म्हणजे जातीपातीच्या भिंती पाडणारे, गरिबाच्या पोराला मामलेदार करणारे घर, तिथला अधीक्षक म्हणजे दुसरी आई, त्या समाजाला वसतिगृहाच्या आत खून कल्पिणे जड जाणार, हे उघड आहे. इंग्लंडमधल्या निवासी शाळेत श्रीमंतांची मुले सत्ता शिकत होती. आपल्याकडे गरिबांची मुले पोटभर जेवून अक्षरे शिकत होती. या फरकाचा परिणाम मराठी रहस्यकथेवर झाला, असे माझे मत आहे.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दुबळी नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गुरुनाथ नाईक यांनीही तेवढ्याच जोमाने लिहिले. कुमारांसाठी भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे तर पुण्यातल्या विद्याभवन शाळेच्या वसतिगृहातच राहतो. पण त्याला भेटणारे चोर, तस्कर, अपहरणकर्ते बाहेरचे असतात; वसतिगृह हे त्याचे सुरक्षित घर असते आणि सोबती हे त्याचे बळ असते. गुन्हेगार मित्रांतच असू शकतो हा विचार मराठी कुमारकथेने जवळजवळ टाळला. मला यात लेखकांची उणीव दिसत नाही. वसतिगृहाविषयीची कृतज्ञता इतकी ताजी होती की तिच्यावर संशयाची सावली पडू द्यावी असे कोणाला वाटले नसावे.

ही स्थिती बदलली ती १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पसरलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांनी. सिंधुदुर्गात सांगेली, रत्नागिरीत पडवे, रायगडात निजामपूर येथे ही विद्यालये आहेत. सहावीला प्रवेशपरीक्षा, मुले आणि मुली एकाच आवारात, अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार सदने, आणि नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवण्याची पद्धत. सहावीपासून जमलेली मैत्री नववीत अशी मधोमध तुटते आणि परत आल्यावर जागा दुसऱ्याने घेतलेली असते. मैत्रीच्या रहस्यकथेला इतका नेमका सांधा इंग्रजी शाळेतही क्वचितच मिळेल.

कोकणातल्या वसतिगृहात कोण मोठा, हे ठरवणाऱ्या खुणा जवळून पाहाव्या लागतात. जुन्या वसतिगृहात प्रत्येकाच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक असे. झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव, कुलपाची किल्ली करदोट्याला. गणपतीची सुट्टी संपवून मुले परतत तेव्हा ट्रंकेत खाजे, कडबोळी, आंब्याची साठे, फणसपोळी असा ऐवज असे, आणि त्या रात्री कोणाची ट्रंक कोणासाठी उघडते यावरून पुढच्या सहामाहीचे गट ठरत. ज्याच्या घरून काही आले नाही तो लवकर झोपल्याचे सोंग घेई. मुंबईहून आजोळी शिकायला पाठवलेल्या मुलाच्या बोलण्याचा आधी दबदबा, मग टिंगल. मालवणीत बोलणाऱ्याची आधी टिंगल, मग दशावतारातले राजाचे भाषण ठोकले की त्याच्याभोवती गर्दी. आता ट्रंकेची जागा मोबाइलने घेतली आहे. बंदी असताना कोणाकडे लपवलेला फोन आहे आणि तो रात्री कोणाला मिळतो, यावर तेच सारे ठरते. त्यात भर एवढीच की फोनमध्ये दुसऱ्याचे गुपितही साठवून ठेवता येते. दादागिरीला कायद्याने नाव मिळाले तेही फार जुने नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे.

निसर्गही इथे तपासाचा भाग होतो. जूनमध्ये शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. पाऊलखुणा तासाभरात धुतल्या जातात, पण जांभ्या दगडाची तांबडी माती कपड्याच्या शिवणीत आणि चपलेच्या खाचेत टिकून राहते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल संध्याकाळी ज्या वाटेने खाडी ओलांडता आली ती आज त्याच वेळी पाण्याखाली असू शकते, आणि ‘मी नेहमीच्या वेळी पलीकडे गेलो’ असे सांगणारा घाटावरचा मुलगा तिथेच फसतो. पाण्यात सापडलेल्या देहाबाबत डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का, हा. श्वासाबरोबर पाणी आत गेले असेल तर त्यातली डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे रक्तावाटे हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतात, आणि विहिरीच्या गोड्या पाण्यातल्या व खाडीच्या खाऱ्या पाण्यातल्या जाती वेगळ्या असतात. देह खाडीत मिळाला आणि शेवाळ विहिरीतले निघाले, तर कथा पुन्हा वसतिगृहाच्या आवारात येते.

अशा मृत्यूची पोलिसांकडे आधी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते आणि पंचनामा होतो; १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. घातपात दिसल्यास खुनाचा गुन्हा दाखल होतो, आणि संशयित १८ वर्षांखालचा असेल तर पुढची वाट बाल न्याय अधिनियम २०१५ ची आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, त्याची ओळख पटेल असे नाव, पत्ता किंवा शाळासुद्धा छापता येत नाही. परदेशी कथेतली बेड्या घालून सर्वांदेखत नेण्याची दृश्ये इथे उचलून आणली तर ती खोटी ठरतात. खुनासारख्या निर्घृण गुन्ह्यात मूल १६ वर्षांचे पूर्ण झालेले असेल तरच, त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज यांचा प्राथमिक अंदाज घेऊन, मंडळ त्याचे प्रकरण प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

दहावीच्या एकाच वर्गात पंधरा आणि सोळा वर्षांची मुले शेजारी बसतात. दोन मित्रांनी मिळून केलेल्या एकाच कृत्यासाठी त्यांच्या वाटा केवळ जन्मतारखेमुळे वेगळ्या होऊ शकतात, आणि वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतो. महाराष्ट्रात एके काळी गुरुजी पटावर सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहीत, हे घरोघरी माहीत आहे. दुर्गम वाडीतून आलेल्या मुलाच्या बाबतीत दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख यांतले अंतर आजही महत्त्वाचे ठरू शकते. कबुलीचेही असेच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मात्र रात्री दिवे गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला हलक्या आवाजात सांगितलेले वाक्य, पुराव्याच्या दृष्टीने कमकुवत असले तरी, ग्राह्य धरता येते, आणि ते ऐकणाऱ्या सोबत्याला साक्षीला बोलावता येते.