नव्या दिवाणखान्यात आजीला ऐकू का येत नाही?

गेल्या दिवाळीत आमच्या नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात दहा-बारा माणसे जमली आणि अर्ध्या तासात प्रत्येकाचा आवाज चढला. आजी थोडा वेळ नुसती मान हलवत राहिली आणि मग ‘मला आता काही समजत नाही’ असे म्हणून आतल्या खोलीत निघून गेली. तिथे पलंगावर जाड गादी, कोपऱ्यात गोधड्यांची चळत आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट होते. त्या खोलीत ती माझ्याशी तासभर हळू आवाजात बोलत बसली आणि तिने एक शब्दही पुन्हा विचारला नाही. तिचे कान दोन्हीकडे तेच होते, म्हणून दोष दिवाणखान्यात शोधणे भाग होते.

आजच्या दिवाणखान्यात जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, भिंतींवर गुळगुळीत रंग, वर जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. हे सारे डोळ्यांना प्रशस्त वाटते, परंतु असे कठीण पृष्ठभाग त्यांच्यावर पडलेल्या ध्वनिऊर्जेपैकी जेमतेम दोन-तीन टक्के शोषून घेतात आणि उरलेली परत फेकतात. ५ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच अशा रिकाम्या खोलीत ध्वनी एका सेकंदात सरासरी दीडशे वेळा कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागावर आदळतो. प्रत्येक धडकेत तीन टक्के ऊर्जा गेली, तर मूळ ऊर्जेचा दशलक्षांश भाग उरण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. या काळाला निनादकाल म्हणतात. डोंगरातून ऐकू येणारा प्रतिध्वनी मूळ हाकेपासून वेगळा ओळखता येतो. निनादात मात्र शेकडो परावर्तने एकमेकांत मिसळतात आणि शब्दाला जणू लांब शेपूट फुटते.

निनादाचे गणित बसवायला एक फसलेले सभागृह कारणीभूत ठरले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात १८९५ साली नवे व्याख्यानगृह बांधण्यात आले, पण तिथे व्याख्यान समजत नसे, कारण उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक वॉलेस क्लेमेंट सेबिन यांच्यावर हे दुरुस्त करण्याचे काम सोपवले गेले. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, ते ऑर्गनची एक नळी वाजवत आणि ती बंद केल्यावर आवाज किती वेळ ऐकू येतो हे मोजत. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी एकेक करून मांडायला सुरुवात केली. गाद्या वाढतील तसा निनाद कमी होत गेला आणि सगळ्या गाद्या मांडून झाल्यावर तो सव्वा सेकंदाच्या आत आला. आपल्या अंगावरचे कपडे बदलले की आकडेही बदलतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीची पुष्कळ निरीक्षणे रद्द केली आणि पुढे मोजणीच्या वेळी ठरावीक पोशाख ठेवला. विज्ञानातील काटेकोरपणाचे याहून साधे आणि लोभस उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

या रात्रींमधून निघालेला नियम सोपा आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते. शोषण मोजण्यासाठी सेबिन यांनी निवडलेले माप होते उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. हे माप कळल्यावर मला आपले जुने वाडे आठवतात. वाड्याचा चौक म्हणजे आकाशाकडे कायम उघडी असलेली कित्येक चौरस मीटरची खिडकीच. शिवाय ओसरीवर आणि सोप्यात घोंगड्या, सतरंज्या, लोड आणि तक्के असत. तिथल्या गप्पा स्पष्ट ऐकू येण्यामागे हेही एक कारण असले पाहिजे.

वर उदाहरणादाखल घेतलेल्या खोलीचे घनफळ ४९ घनमीटर, आणि रिकामी असताना तिचे शोषण, म्हणजे तिच्या सर्व पृष्ठभागांच्या क्षेत्रफळाचे तीन टक्के, अवघे अडीच एकक. निनादकाल ०.६ सेकंदावर आणायचा, तर शोषण १३ एककांपर्यंत न्यावे लागते. अमेरिकेतील मानकात लहान आकाराच्या वर्गखोल्यांसाठी हीच, ०.६ सेकंदाची, मर्यादा दिलेली आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक असा की रिकाम्या खोलीत बोलणाऱ्याचा थेट आवाज भिंतींवरून आलेल्या आवाजापेक्षा वरचढ राहतो तो साधारण वीतभर अंतरापर्यंत, आणि शोषण वाढवल्यावर हातभर अंतरापर्यंत. समारंभात आपण समोरच्याच्या कानाशी तोंड नेतो, ते याच वीतभर अंतरात शिरण्यासाठी.

निनादाचा पहिला बळी व्यंजने असतात. स्वर दीर्घ आणि जोरकस असतात. व्यंजने क्षणिक आणि क्षीण. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘कडी’ आणि ‘खडी’ यांतला भेद हवेच्या एका लहानशा झोतावर उभा आहे आणि आधीच्या अक्षरातील स्वर अजून घुमत असेल, तर तो झोत त्याखाली दडपला जातो. वयोमानाने श्रवणशक्ती उताराला लागते तेव्हा उंच वारंवारतेचे, म्हणजे नेमके व्यंजनांचे, ध्वनी आधी हरवतात. तरुण मेंदू संदर्भावरून अक्षरे भरून काढतो. आजीला दोन्हीकडून तोटा होतो. त्यात गोंगाट वाढला की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले. आलेली माणसे आपल्या कपड्यांमुळे प्रत्येकी सुमारे अर्धा एकक आवाज शोषतातही. परंतु तीच एकदम बोलू लागली की हा फायदा पुरत नाही.

ध्वनी शोषणारी वस्तू सच्छिद्र असावी लागते. ध्वनी म्हणजे हवेचे सूक्ष्म मागे-पुढे हलणे. ही हवा तंतूंच्या जाळीतून जाताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून साधी परीक्षा अशी की वस्तूला तोंड लावून फुंकर घालावी आणि ती पलीकडे जाते का ते पाहावे. थर्मोकोलमधून ती जात नाही, कारण त्याच्या पेशी बंद असतात. त्यामुळे ध्वनिशोषणासाठी ते जवळपास निरुपयोगी आहे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो, पण त्यांचा पातळ लगदा फारसे काही शोषत नाही. जाडीही महत्त्वाची आहे. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर असते. पातळ गालिचा फक्त उंच वारंवारतेचे ध्वनी टिपतो आणि घुमणारा जाड आवाज तसाच सोडतो. पडदा मात्र भरपूर चुण्यांचा आणि जड कापडाचा घेऊन काचेपासून दहा सेंटिमीटर पुढे टांगला, तर चांगले काम करतो. कापडी सोफा रेक्झिनच्या सोफ्यापेक्षा सरस ठरतो. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येणे ही निराळी तक्रार आहे. त्यासाठी वजनदार भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते, फोमची पॅनेले तिथे चालत नाहीत.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या मोकळ्या मांडणीच्या कार्यालयांत प्रश्न उलटा होतो. तिथे दूरच्या सहकाऱ्याचे बोलणे समजले की त्रास होतो. मागे चाललेल्या संभाषणाने आकड्यांची किंवा शब्दांची यादी लक्षात ठेवणे अवघड जाते आणि ते संभाषण हळू असले तरी फारसा फरक पडत नाही, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. अशा मांडणीमुळे माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, ही अपेक्षाही खरी ठरलेली नाही: इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढल्यावर प्रत्यक्ष समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले. अशा ठिकाणी केवळ शोषण वाढवले, तर पार्श्वभूमी इतकी शांत होते की चार टेबलांपलीकडचा फोन अधिकच स्पष्ट ऐकू येतो. म्हणून शोषक छत, टेबलांमधले उंच पडदे आणि वातानुकूलनासारखा मंद सलग आवाज ही तिन्ही एकत्र आखावी लागतात.

घरात सगळ्यात मोठा मोकळा पृष्ठभाग छताचा असतो आणि सजावटीत तोच ध्वनीच्या दृष्टीने वाया जातो, कारण साधा जिप्सम बोर्ड दिसायला नीटस असला तरी आवाज परतच पाठवतो. त्याऐवजी निम्म्या छताला, म्हणजे सुमारे ९ चौरस मीटरला, पाठीशी खनिज लोकर असलेले छिद्रांचे बोर्ड लावले आणि ते ७० टक्के ध्वनी शोषणारे असले, तर एकट्या छतातून सहाहून अधिक एकके मिळतात. उरलेली पडदे, सोफा आणि गालिचा देतात. बोर्ड घेताना त्याचा एनआरसी (नॉइज रिडक्शन कोएफिशंट) हा आकडा विचारावा. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झवरील शोषणाची ती सरासरी असते. हा निर्णय छतातील वायरिंग आणि दिव्यांच्या जागा ठरण्यापूर्वी घ्यावा लागतो. आमच्याकडे तोवर छत होऊन गेले होते, म्हणून आम्ही जाड पडदे लावले, काचेच्या टीपॉयखाली लोकरी गालिचा अंथरला आणि आजीची खुर्ची सोफ्याच्या टोकाला, बोलणाऱ्यांच्या हातभर अंतरावर आणून ठेवली.