पाणी दाबलं जात नाही, हे आपल्याला सांगितलं कोणी?

सुई काढलेली सिरिंज घ्या, हवा भरा, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. निम्म्यापर्यंत आरामात जातो. आता तेच पाणी भरून करा, अंगठा दुखेल पण दट्ट्या जागचा हलणार नाही (आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तोच दबेल आणि तुम्हाला वाटेल पाणी दबलं). हे एकदा बघितलं की शाळेतलं वाक्य पटतं, द्रव असंपीड्य (म्हणजे न दबणारे) असतात, आणि परीक्षेत त्याचे मार्कपण मिळतात. फक्त ते पूर्ण खरं नाहीये, आणि ते खरं नाही हे 1762 पासून माहिती आहे, म्हणजे पानिपत झालं त्याच्या पुढच्याच वर्षापासून.

मग हा समज आला कुठून? बराचसा ठोकाठोकीतून. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बेकनने शिशाचा पोकळ गोळा पाण्याने भरला, तोंड बंद केलं आणि हातोड्याने चेपला, मग प्रेसमध्ये घालून आणखी चेपला, तर शेवटी पाणी शिशातूनच दवासारखं बाहेर आलं. हे त्याने 1620 च्या पुस्तकात लिहिलंय. पुढे फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने 1657 मध्ये अकादेमिया देल चिमेंतो ही प्रयोग करणाऱ्यांची संस्था निघाली, तिथल्या लोकांनी असाच प्रयोग चांदीच्या गोळ्यावर केला. डोकं चांगलं चालवलंय बरं का. तेवढ्याच पत्र्यात सगळ्यात जास्त माल मावतो तो गोल आकारात, त्यामुळे गोळ्याला पोचा आला की आतली जागा कमी होणारच, मग पाण्याने एकतर दबायचं नाहीतर वाट शोधायची. पाण्याने वाट शोधली. चामड्यातून पारा पिळावा तसे बारीक थेंब चांदीतून झिरपले. 1667 मध्ये हे छापून आलं आणि युरोपभर गाजलं, न्यूटननेपण आपल्या प्रकाशावरच्या पुस्तकात सोन्याच्या गोळ्यातून दवासारखं पाणी आल्याचं लिहिलंय, ते पण स्वतः बघून नाही, एका साक्षीदाराकडून ऐकून.

आता यातली गोची बघा. गोळ्यातून पाणी बाहेर आलं यावरून एवढंच कळतं की गोळा गळका होता. बाहेर पडायच्या आधी ते आत थोडंसं दबलं होतं की नव्हतं, हे त्या थेंबांवरून कसं कळणार? पण लोकांनी पाणी दबत नाही असा सरळ निकाल लावून टाकला आणि पुढची जवळपास शंभर वर्षं तोच चालला.

तो 1762 मध्ये फिरवला जॉन कॅन्टनने. विणकराचा मुलगा, लंडनमध्ये शाळा चालवायचा, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा हिरो हाच. त्याने पाणी दाबायच्या भानगडीत न पडता उलटं केलं, पाण्यावरचा दाबच काढून टाकला. काचेचा छोटा गोळा, त्याला बारीक नळी, आत पाणी. गरम करून पाणी नळीच्या टोकापर्यंत चढवलं, म्हणजे हवा बाहेर, आणि तिथेच काच वितळवून तोंड बंद. थंड झाल्यावर पाणी आधीच्या खुणेपेक्षा वर थांबलं. पण लगेच शंका येते की बाहेरच्या हवेने काचेचा गोळाच आत दाबला असेल, म्हणून पाणी वर गेलं. त्याला हे माहीत होतं, म्हणून त्याने हाच प्रयोग पारा भरूनपण केला. पारापण चढला पण पाणी त्याच्यापेक्षा जास्त चढलं, आणि काच तर दोन्हीकडे सारखीच दबणार, म्हणजे जास्तीचं जे काही होतं ते पाण्याचंच होतं.

आक्षेप आले, लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने कमिटी नेमून प्रयोग परत करवून घेतले, आणि 1764 चं कोप्ली पदक कॅन्टनलाच मिळालं. त्याचा आकडा होता, वातावरणाएवढ्या एका दाबाला दहा लाखात 46 भाग. आजचा आकडापण जवळपास हाच आहे, आणि हे अडीचशे वर्षांपूर्वी काचेच्या नळीवरच्या खुणा बघून! आपल्या हिशोबात सांगायचं तर वीस लिटरच्या जारमधलं पाणी एवढ्या दाबाने एक मिलीलीटरभरसुद्धा कमी होत नाही. त्याला अजून एक विचित्र गोष्ट दिसली, थंडीत पाणी उन्हाळ्यापेक्षा जास्त दबतं. तेही बरोबर निघालं.

नंतर 1822 मध्ये अर्स्टेडने (तोच, तारेतून करंट गेल्यावर होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारा) पाण्याची बाटलीच पाण्यात ठेवून आतून-बाहेरून सारखा दाब दिला, म्हणजे भांडं फुगायची भानगडच कमी. आणि 1826 मध्ये कोलादोन नावाच्या शास्त्रज्ञाने जिनिव्हाच्या सरोवरात रात्री प्रयोग केले. एका होडीखाली घंटा, ती वाजताक्षणी दारूचा उजेड, आणि साडेतेरा किलोमीटरवर हा पाण्यात नळी घालून कान लावून बसलेला. आवाज पोचायला सुमारे 9.4 सेकंद, म्हणजे सेकंदाला 1435 मीटर. आवाज पुढे सरकतो तो पाणी थोडं थोडं दाबतच, त्यामुळे पाणी अजिबात दबत नसतं तर आवाज तत्क्षणी पोचायला हवा होता.

तरी ते वाक्य टिकलं, कारण जॅकला, प्रेसला, ब्रेकला एवढासा फरक जाणवतच नाही. पावसाळ्यात गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, तेव्हा मेकॅनिकला हे दहा लाखात 46 सांगून बघा.

समुद्राची गोष्ट मात्र वेगळी. सरासरी खोली 3,700 मीटरच्या आसपास, तळाशी वातावरणाच्या साडेतीनशेपटीहून जास्त दाब, आणि मधल्या प्रत्येक थराने थोडी थोडी मान खाली घातलेली. पाणी खरंच दबत नसतं तर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा तीसेक मीटर वर असती. गेटवे ऑफ इंडियाची उंची आहे 26 मीटर.